तारेपलीकडे बसलेला हवालदार

लिफ्टवाल्यांचा उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. कंपनीने सांगितलेल्या मापाहून एक आटा जास्त आवळायचा, ही त्यांची पद्धत. "थोडं जास्त असलेलं बरं," म्हणायचे. त्यांच्या हाताखालच्या लिफ्टमध्ये कधी कुणाला साधं खरचटलंही नाही, त्यामुळे वाद घालायची सोयच नव्हती. निवृत्त झाल्यावर तीच पद्धत घरात सुरू झाली. नळ इतके घट्ट बंद करायचे, की बायकोला ते उघडायला शेजारणीला हाक मारावी लागे.

कुत्रा बायकोचा. चांगला दांडगा, आणि पहाऱ्यावर बसल्या बसल्या झोपतो म्हणून तिनेच नाव ठेवलेलं, हवालदार. लिफ्टवाले त्याला हात लावत नसत. पण बायकोच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं, ती काही दिवस तिकडे राहायला गेली आणि हवालदार आयताच यांच्या गळ्यात पडला. जाताना तिने गॅस, कुलपं कशाबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच बजावलं, की त्याला रस्त्यावर जाऊ देऊ नका.

आता घर ट्रकांच्या रस्त्याला लागून आणि अंगणाला कुंपणाचा पत्ता नाही. कोपऱ्यावर बसथांबा. बायको तिथून बसमध्ये चढली, ते कुत्र्याने पाहिलेलं. मग काय, बस थांबली की हा धूम ठोकायचा, उतरणाऱ्या प्रत्येकाचे पाय हुंगायचा आणि मान खाली घालून परत यायचा. एकदा टेम्पोखाली जाता जाता वाचला. याचं काही बरंवाईट झालं तर बायकोला काय तोंड दाखवणार? बांधून ठेवावं तर गळा काढून रडायचा.

शेवटी ते एक यंत्र घेऊन आले. अंगणाच्या कडेने जमिनीत पुरायची तार, ओसरीवर एक डबी आणि कुत्र्याच्या गळ्यात पट्टा. तारेजवळ गेला की पट्टा आधी पीं पीं करणार आणि तरीही पुढे गेला तर विजेचा हलका चिमटा. दुकानदाराने नीट समजावलं होतं. झटका कमीत कमी ठेवा, तारेवर छोटी निशाणं लावा, दोनेक आठवडे कुत्र्याला दोरीने फिरवून शिकवा, की आवाज आला की मागे वळायचं. यांनी मान डोलावली आणि घरी येऊन आपलंच खरं केलं. यंत्र असताना शिकवणी कशाला? निशाणं खोक्यातच राहिली. झटक्याचा खटका मात्र त्यांनी वर नेला, आणि मग अजून एक घर वर.

पहिल्याच दिवशी हवालदार तारेपाशी दोनदा केकाटला आणि त्यानंतर बस आली तरी ओसरीवरून हलेना. लिफ्टवाले खूश. शेजाऱ्याला बोलावून तार कुठून कशी गेली ते दाखवलंसुद्धा.

बायको परत यायची त्या दुपारी बसमधून तिच्याच बांध्याची कुणी बाई उतरली. हवालदार सुटला. तारेवर विव्हळला, पण थांबला नाही. थांब्यावर पोचून बाईला हुंगलं, ती भलतीच निघाली. शेपूट पाडून तो परत आला आणि अंगणाच्या कडेशी, रस्त्यावरच थबकला.

"ये, ये रे," लिफ्टवाल्यांनी हाक मारली. तो आला. पट्टा वाजला. तो आणखी एक पाऊल आला आणि जो केकाटून मागे उडाला, तो थेट रस्त्याच्या मधोमध. ट्रकने करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हरने शिव्यांची लाखोली वाहिली, पण त्या ऐकायला लिफ्टवाले शुद्धीवर होते कुठे! बिचारा घरी यायला निघालेला आणि आपलंच यंत्र त्याला चाकाखाली ढकलत होतं. त्यांनी डबी बंद केली, रस्त्यावर धावले, त्याला कडेला ओढून आणलं आणि पट्टा काढून फेकून दिला.

तरी हवालदार आत येईना. चारही पाय रोवून उभा. गोंजारलं, बिस्किट दाखवलं, शेवटी हात जोडले. उचलायला गेले तर कमरेत अशी कळ आली, की तो हातातून निसटला. ओढून न्यावं, तर त्याचे ते डोळे बघवेनात. मग ते खाली धुळीतच बसले आणि त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून धरून ठेवलं. ट्रक जात राहिले. कुत्र्याचं काळीज त्यांच्या छातीशी धडधडत होतं. त्यांना रडूच आलं.

पुढच्या बसने बायको उतरली. हवालदार तिच्या अंगावर झेपावला, नाचला, तिचं तोंड चाटून काढलं. पण ती अंगणात शिरली तसा कडेशीच अडकला आणि कुईं कुईं करू लागला.

"अहो, असं काय करतोय हा? आणि तुम्ही खाली का बसलाय?"

लिफ्टवाल्यांनी मान वर केली नाही. "घरात यायला घाबरतोय गं. मी घाबरवलंय त्याला."

तिने कडेला उकरलेली माती पाहिली, पडलेला पट्टा पाहिला, नवऱ्याचे मळलेले कपडे पाहिले. मग पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि कुत्र्याच्या पुढच्या पायांखाली हात घातले.

"मागून धरा," ती म्हणाली. "हळू. घट्ट आवळू नका."