लेबलावरचा झेंडू
जवसाच्या तेलाचा वास आला की मला गोंदियातलं ते पेंटरचं दुकान आठवतं. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. बीडीच्या जाहिराती रंगवणाऱ्या वस्तादांकडे एकाच शिकाऊ उमेदवाराची जागा होती आणि ती माझ्या थोरल्या भावाला हवी होती. वस्तादांनी त्याला नव्या बीडीचं लेबल काढून आणायला सांगितलं. दादानं आरशात बघून स्वतःचाच हसरा चेहरा काढला. भोवती फार मोकळं दिसत होतं, म्हणून झेंडूची फुलं काढायचं मी सुचवलं. वस्तादांनी कागद उन्हात धरला आणि त्यांचा चेहरा उतरला. "जित्या माणसाले हार काऊन घातला बे?" "हार नाही जी, नक्षी होय," दादा हसला. "बीडी ओढून माणूस सरगात पोचला समजा!" वस्ताद हसले नाहीत. "पुसून टाक," एवढंच म्हणाले. पण तेवढ्यात बीडीचे शेठ आले, "यही छापो," म्हणाले आणि दादाला जागा मिळाली. लेबल छापून आलं त्याच महिन्यात तो भिंती रंगवायला चिचगडकडे गेला, जंगलातला ताप घेऊन परतला आणि आठ दिवसांत गेला. त्याचा एकही फोटो कुणी काढलेला नव्हता. आईनं बीडीच्या कट्ट्यावरचं, जुडीभोवती चिकटवलेलं लेबल ओलं करून अलगद सोडवलं आणि चौकटीत बसवलं. आता ती चौकट माझ्या टेबलासमोर असते. दर वर्षी त्याच्या तिथीला सून हार आणते. मी तो घालू देत नाही. माझा हार तिथे आधीपासूनच आहे.