कोळणीचा काढून ठेवलेला बूट

कार्डिफमध्ये आम्हाला अकरा वर्षं झाली होती. हॉस्पिटलच्या कुठल्याही पार्टीत कुणी मला "तुम्ही काय करता?" असं विचारलं, की माझ्याआधी हेच, म्हणजे आमचे डॉक्टर, उत्तर द्यायचे, "शी इज ॲट होम." त्यात खोटं काही नव्हतं, तरी मला ते झोंबायचं. सांगलीला मी इतिहास घेऊन बी.ए. झाले होते आणि मला माझं स्वतःचं काम हवं होतं. १९८८ साली एका लहानशा आर्ट गॅलरीला गाइड हवी असल्याची जाहिरात दिसली. कुणालाही न विचारता मी अर्ज ठोकून दिला.

"अगं, तिथे लोकल लोकांनाच घेतील," मुलाखतीचं बोलावणं आल्यावर हे म्हणाले. "उगीच अपसेट होशील."

"झाले तर झाले. तुम्ही फक्त बुधवारी मुलीला स्कूलमधून पिकअप करा."

मुलाखतीत एका चित्रावर पाच मिनिटं बोलायचं होतं. एकोणिसाव्या शतकातलं डच चित्र. खिडकीपाशी बुटक्या स्टुलावर बसलेली कोळीण, मांडीवर मासे धरायचं जाळं, एका पायात लाकडी बूट आणि दुसरा बूट काढून बाजूला ठेवलेला. खाली पाटी होती, 'कोळणीची विश्रांती'. माझ्या आधीचा उमेदवार तिच्या थकव्यावर फार सुंदर बोलला; मी बाहेरून ऐकत होते.

चित्राचा खालचा भाग काळपट, त्यात वरून दिव्याची चकाकी. उभ्याने काही दिसेना. म्हणून तांदूळ निवडायला बसावं तशी मी साडीसकट जमिनीवर मांडी घालून बसले. बसल्यावर भान आलं. मुलाखत घेणाऱ्या बाई डोळे विस्फारून बघत होत्या. जायची ती अब्रू गेलीच होती, तेव्हा नीट बघून तरी घ्यावं म्हटलं.

खालून चकाकी नाहीशी झाली आणि कोळणीचा उघडा पाय दिसला. अंगठ्यात जाळ्याची दोरी अडकवलेली होती. माझी आई अबोलीचे गजरे अशीच करायची, दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून, ताणून. शेजारीण तिला "काय, निवांत बसलात?" म्हणाली, की आई जी भडकायची!

"पाटी चुकली आहे," मी खालूनच म्हणाले. आवाज जरा चढलाच. "ही विश्रांती घेत नाहीये. बूट काढलाय तो दोरी ताणून धरायला. ती जाळं दुरुस्त करतेय."

"पण इतकी वर्षं तज्ज्ञ लोक..." बाई म्हणाल्या.

"त्यांनी उभं राहून पाहिलं असेल."

संपलं, असं मला वाटलं. मग त्या बाई स्कर्ट सावरून माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. त्या पायाकडे त्या बराच वेळ बघत होत्या.

दोन आठवड्यांनी नेमणुकीचं पत्र आलं.

त्या वर्षीच्या ख्रिसमस पार्टीत एका नव्या सर्जननं मला तोच प्रश्न विचारला. "शी इज..." म्हणून हे सवयीने सुरू झाले आणि मध्येच थांबले. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "तूच सांग."

मी हातातली प्लेट खाली ठेवली आणि सांगितलं.