नानांचा बुरशीचा मका

रस्त्यात सांडलेला दाणा दिसला की नाना मोटारसायकल थांबवत. मागे बसलेल्याने खुशाल वैतागावं. नाना उतरून दाणा उचलत, खिशात टाकत आणि मगच किक मारत. नरडाण्याजवळच्या त्यांच्या गावी मी गुरांचा डॉक्टर म्हणून जायचो. चहाच्या आधी ठरलेलं वाक्य ऐकू येई, "डॉक्टर, दाना फेकाना नही. माणूसले नही चालना ते ढोरले चालस!"

या तत्त्वावर त्यांच्या गोठ्यात काहीही खपे. किडकी ज्वारी, शिळ्या भाकरी, लग्नात उरलेला भात. म्हैस तक्रार करत नसे, त्यामुळे नानांना उलट चेव चढे. नाना जाऊन आता वर्ष होईल. असा हट्टी आणि असा गोड माणूस मला पुन्हा भेटला नाही.

एका वर्षी मका काढणीला आला आणि परतीचा पाऊस कोसळला. नानांनी ओली कणसं घाईघाईने ताडपत्रीखाली गच्च झाकली. काही दिवसांनी उघडून पाहतात तर आत वाफ, कुबट वास आणि दाण्यांवर हिरवट बुरशी. नानांनी निवांतपणे तो मका भरडून म्हशीपुढे ठेवला. मी अडवलं तर हसले.

"मनी म्हैस तुम्हनापेक्षा दांडगी शे!"

"म्हैस आहे हो दांडगी. पण चिमी?"

चिमी त्यांची वर्षाची नात, याच म्हशीच्या दुधावर वाढणारी. बुरशीचं विष दुधात उतरतं आणि उकळलं तरी जात नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. नानांनी म्हशीपुढचा भरडा मागे ओढला.

"आते?" त्यांनी विचारलं.

"चारा बदला, थोड्या दिवसांत दूध साफ होईल. तोवर चिमीला दुसरीकडचं द्या. आणि हा मका पुरून टाका."

दुपारीच बांधावर खड्डा खणला गेला. शेजारची अक्का आपल्या कोंबड्यांसाठी टोपली घेऊन धावत आली. "नाना, फेकस कसाले? मन्या कोंबड्यासले दे ना थोडा!"

नानांचंच तत्त्व टोपली घेऊन त्यांच्यापुढे उभं होतं. मला हसू आवरेना. नाना मात्र हसले नाहीत.

"नही अक्का. त्या कोंबड्यासना अंडा कोन खातीन? तुना घरना पोरंच ना?"

शेवटचं घमेलं त्यांनी स्वतः ओतलं, वर माती लोटली आणि खड्ड्यापुढे हात जोडले.

"फेकानं पाप मले लागो," ते म्हणाले. "पोरसले काही व्हवाले नको."