फक्कीचं घर

"काकू, आई गेली..." शेजारच्या शांतामावशींच्या संदीपने कुंपणापलीकडून सांगितलं तेव्हा मी मावशींनीच आदल्या दिवशी दिलेल्या अळूच्या पानांना बेसन लावत होते. खरं सांगते, रडू नंतर आलं, आधी रागच आला. आठवड्याभरात त्यांच्या स्वतःच्या घराच्या पायाची आखणी व्हायची होती. अहो, हे काय जायचं वय होतं... निदान वेळ तरी?

कामशेतबाहेरच्या आमच्या वस्तीत सतत कुणाचं तरी बांधकाम चालू. आम्ही धुळीला आणि मिक्सरच्या घरघरीला शिव्या घालायचो, मावशींच्या मात्र अंगात उत्साह संचारायचा! कुणाचा स्लॅब ओतायचा असला की चुलीवरचा भात तसाच टाकून धावत सुटायच्या. त्यांची माझी ओळखही अशीच झाली. आमच्या प्लॉटवर चुन्याच्या पांढऱ्या फक्कीने नुकत्याच खोल्या आखल्या होत्या. मी रेघ ओलांडून आत गेले, तर मागून हाक आली, "आवो ताई, भितीतून काय येताय? दार तितं हाय!" मागे वळून पाहिलं तर चहाची किटली घेतलेल्या मावशी. त्या फक्कीच्या दारापाशी आल्या, बाहेर चप्पल काढली आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन मांडी घालून बसल्या. "खिडकी हिकडं घ्या. भाकरी थापताना नुसती भितच बघायची व्हय?" आम्ही खिडकी हलवली. आज पोळ्या लाटताना मला समोर अख्खा डोंगर दिसतो.

त्यांचं स्वतःचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि भोवती बाग. बाग कसली, आमच्या सगळ्यांच्या प्लॉटवरच्या झाडांचं माहेर! कुणाच्याही घराच्या पायात झाड आलं की मावशी ते मुळासकट उचलून नेत आणि दिसेल त्या जागी लावत. आमच्या हॉलच्या जागेवरचा कोवळा सोनचाफा असाच त्यांच्याकडे गेला आणि बागेच्या ऐन मध्यावर बसला. लोकांची घरं बघायच्या नादात बाई आपल्या घराला जागा ठेवायलाच विसरल्या.

उर्से गावाजवळच्या कंपनीत नोकरीला असलेल्या संदीपने घर बांधायचं काढलं तेव्हा हे लक्षात आलं. "आई, आता घर काय झाडावर बांधू?" तो वैतागला. मावशी ठाम. "बांध की! पर चाफ्याला हात लावलास तर म्या न्हाई ऱ्हायची त्या घरात." महिनाभर दोघं हटेनात, आखणीचा दिवस ठरला तरीही. भांडण मिटायच्या आतच मावशी गेल्या. आता चाफ्याची बाजू घेणारं कोण उरलं? दुखवट्याच्या घरात विचारायचं तरी कसं? मी रोज सकाळी खिडकीतून मान लांब करून तेवढं झाड पाहून घ्यायचे.

परवा पाहिलं तर पलीकडे पांढऱ्या रेघा! पिठाच्या हातांनीच धावले. अळू गेलं होतं, पेरूही गेला होता, पण चाफा... चाफा उभा होता! रेघ सरळ येत होती, झाडापाशी आत वळत होती, त्याच्याभोवती छोटासा चौक करून पुन्हा सरळ जात होती. चौकाला लागून स्वयंपाकघर, आणि त्याची खिडकी चाफ्याकडे. इतका आनंद झाला की मी रेघ ओलांडून तडक आत शिरले.

"काकू," संदीप नकाशामागून म्हणाला. अगदी आईच्याच सुरात. "भितीतून काय येताय? दार तितं हाय."

मी मागे फिरले. दारापाशी चप्पल काढली आणि मावशींच्या स्वयंपाकघरात जाऊन मांडी घालून बसले.