दोन कॅन घेऊन वडूजकडे

चैत्रातल्या एका मंगळवारी, सकाळी पावणेसहाला, विश्रामबागेतल्या घरासमोर मी माझ्या जुन्या गाडीची मागची सीट काढली आणि त्या जागी पस्तीस-पस्तीस लिटरचे दोन कॅन उभे केले. ओल्या गोणपाटात गुंडाळले, दोरीने बांधले. उजव्या कॅनला थर्मामीटर चिकटवला. चौतीस अंश. वहीत लिहिले.

पत्नी दारात उभी होती. "स्फोटबिट होणार नाही ना?"

"चारी काचा उघड्या ठेवणार आहे. दर अर्ध्या तासाने झाकण सैल करणार आहे."

"मी हो की नाही विचारलं."

"नाही होणार," मी म्हणालो. त्या दिवशीचे हे पहिले विधान, ज्याला माझ्याकडे आधार नव्हता.

कॅनमध्ये काय होते ते आधी सांगतो. आम्ही तिघा भागीदारांनी चार वर्षांपूर्वी एक छोटी कंपनी काढली. दुष्काळी भागातल्या मेंढपाळांसाठी लेंड्यांवर चालणारा गॅस. लोक त्याला गोबरगॅसच म्हणत. नेहमीच्या टाकीला बादलीभर शेणाला बादलीभर पाणी लागते, आमच्या टाकीला त्याच्या निम्मे. हे साधले होते ते आतल्या जिवाणूंमुळे. लेंड्यांच्या कोरड्या, घट्ट काल्यात जगायची सवय त्यांना लावायला आमचे दोन उन्हाळे गेले. दह्याला विरजण लागते तसे प्रत्येक नव्या टाकीला हे विरजण लागायचे.

मग बाजार फिरला. प्लास्टिकची शीट आणि लोखंड महागले, मागण्या थांबल्या, भांडवल देऊ म्हणणारे "पुढच्या वर्षी बघू" म्हणू लागले. मार्चमध्ये आम्ही ठरवले की कंपनी बंद करायची नाही, बाजार सुधारेपर्यंत स्थगित ठेवायची. ठरावात ती एक ओळ मीच लिहिली. कुपवाड रस्त्यावरची शेड महिनाअखेर सोडायची होती आणि शेडमधल्या टाकीत ते विरजण होते. यंत्रांवर कापड टाकता येते. जिवाणूंना रोज खायला लागते. ते मेले तर स्थगित काय ठेवायचे, हा प्रश्न मला आठवडाभर जेवू देत नव्हता. त्यातलेच दोन कॅन मी आदल्या संध्याकाळी भरून घरी आणले होते.

वडूजच्या पुढे एका माळावर, मेंढपाळ कुटुंबातल्या इंदूबाईंच्या घरी आमची अगदी पहिली टाकी होती. तिची नळी फाटली तेव्हा आम्ही वेळेवर गेलो नाही. ती वर्षभर रिकामी पडली होती. लाज गिळून फोन केला. "विरजण ठेवाल का?" त्या म्हणाल्या, "ठेवू की. या."

तासगावपर्यंत ऊन नव्हते. दोन्ही बाजूंना छाटलेल्या द्राक्षबागा आणि बेदाण्याच्या रिकाम्या शेड. एरवी मी या रस्त्यावर थांबून चहा घेतो. त्या दिवशी तासगावच्या अलीकडे फक्त झाकणे सैल केली. 'फुस्स' असा आवाज आला. शेजारी मोटारसायकल पुसणारा माणूस दोन पावले मागे सरला. पस्तीस अंश.

तासगाव मागे पडले की हिरवे तुकड्यातुकड्यांनी कमी होत जाते. विटा येईपर्यंत मोकळ्या टेकड्या दिसू लागल्या. स्टँडपाशी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात केला. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. मायणीला लेकीकडे जायचे होते, एसटी नुकतीच गेली होती. बसवून घेतले. सांगू लागले की तीस वर्षे दक्षिणेत गलाईच्या दुकानात (सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याचे दुकान) काढली, आता गावाकडे असतात. बोलता बोलता त्यांनी बिडी ओठात धरली आणि काडी काढली.

"आवं, काडी नको!" मी इतक्या जोरात ओरडलो आणि इतक्या जोरात ब्रेक दाबला, की त्यांची टोपी पुढे पडली.

"का रं? काय भरलंयस गाडीत?"

सांगितले. त्यांनी मागे वळून पाहिले, नाक मुरडले.

"तरीच म्हणलं, हे नवीन अत्तर कुठलं. लय जपतोयस पर. तान्हं लेकरू हाय का काय त्यात?"

"तसंच समजा."

"आमची भट्टी बरी मग. सांजच्याला इझवायची, सकाळी पेटवायची. म्हैना-म्हैना गावाकडं आलो तरी भट्टीला काय व्हत न्हाई. तुझं हे न इझणारं काम अवघड हाय गड्या." त्यांनी बिडी कानामागे ठेवली, पण काड्यापेटी हातातच राहिली. मायणीपर्यंत माझे लक्ष रस्त्याइतकेच त्या पेटीवर होते. उतरताना ते म्हणाले, "पोच नीट." थट्टेत म्हणाले नाहीत, आणि त्यानेच मला जास्त भीती वाटली.

ते गेल्यावर घड्याळ पाहिले. झाकण सैल करून पन्नास मिनिटे झाली होती. पेटीच्या नादात एक पाळी चुकली होती.

डावा कॅन फुगून गोल झाला होता. झाकण फिरेना. बाभळीखाली गाडी घेतली, टॉवेल गुंडाळून दोन्ही हातांनी जोर लावला. झाकण सुटले ते हाताला हिसका देऊन, आणि काळा काला छातीवर, मानेवर उडाला. मी तिथेच खाली बसलो. पहिला विचार स्वतःचा आला नाही, किती सांडले हा आला. अंदाजे दीड लिटर. तापमान एकेचाळीस. गोणपाटावर पिण्याचे सगळे पाणी ओतले. चाचणीची कागदी पट्टी बुडवली. आंबटपणा वाढला असता तर रंग पिवळ्याकडे गेला असता. हिरवट राहिली, म्हणजे जिवाणू शाबूत असावेत. पाच मिनिटांनी दुसरी बुडवली. तीही हिरवट. तिसरी बुडवण्याची गरज नव्हती, तरी बुडवली.

हळू चालवत, थांबत थांबत वडूज ओलांडून माळाला लागलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. लांब डोंगरकड्यावर पवनचक्क्यांची रांग, एकही पाते हलत नव्हते. इंदूबाईंच्या घरासमोर गाडी उभी केली आणि समोरचा मेंढ्यांचा वाडा पाहिला. वाघर (मेंढ्यांभोवती लावायचे जाळे) गुंडाळून खुंटाला टांगलेली. जमीन कोरडी, झाडलेली. एकही मेंढी नाही.

"मेंढरं कुठं आहेत?"

"मेंढरं व्हय? दिवाळी झाल्यावर मालक आन दीर घिऊन खाली गेल्यात चराय," इंदूबाई म्हणाल्या. "मिरगाच्या पावसाला येतील."

"तुम्ही फोनवर हे बोलला नाहीत."

"तुमी इचारलं कुठं?"

खरे होते. अंतर, तापमान, झाकणाच्या वेळा, सगळे मी मांडले होते. चार वर्षे मेंढपाळांसाठी काम करून, मेंढरे चैत्रात माळावर नसतात हे मला माहीत होते, पण वहीत ते कुठे बसलेच नव्हते. रोज बारा किलो लेंड्या, असे मी गृहीत धरले होते. आता परत न्यायचे म्हटले तर दुपारचे ऊन, आणि सांगलीत ठेवायला जागा नाही.

ओट्यावरून त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "पावनं, आदी सदरा काढून वाळत टाका. वासानं म्हस दावं तोडंल."

इंदूबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे पाहत होत्या. "रोज किती घालायचं म्हणताय?"

"बारा किलो."

"एवढं कशाला?"

"दोन तास शेगडी चालते तेवढ्यावर."

"मग शेगडी पेटवायची हाय का आता?"

"नाही. आता फक्त ठेवायचं आहे."

"मग जगायला किती लागतं ते सांगा की. कामाचं कशाला सांगताय?"

मी वही उघडली. चार वर्षांच्या नोंदी. एका रकान्यात घातलेले किलो, दुसऱ्यात निघालेला गॅस. जास्तीत जास्त किती निघेल ते प्रत्येक पानावर होते. कमीत कमी कितीवर जगेल हे एकाही पानावर नव्हते. आम्ही ते कधी पाहिलेच नव्हते.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"दुष्काळात हितं छावणी व्हती," त्या म्हणाल्या. "जनावराला मोजून वैरण. कुणी दूध मागितलं न्हाई त्यास्नी. उभं ऱ्हावं एवढंच. आमच्या दोन म्हशी राहिल्या. एक मेली." हे शेवटचे त्यांनी लपवले नाही.

घरात परड्यासाठी (घरामागच्या भाजीच्या तुकड्यासाठी) राखलेल्या लेंड्यांची तीन पोती होती. त्यातली रोज वाटीभर भिजवून, म्हशीच्या शेणाचा एक पो आणि वर कोमट पाणी, असे त्यांनीच ठरवले. "आंबूस वास सुटला की हात आखडायचा. सुस्त पडलं की वाढवायचं." मी पट्ट्यांची डबी पुढे केली. त्यांनी ती घेऊन देव्हाऱ्याशेजारी ठेवली. वापरतील असे वाटले नाही.

आदल्या दिवशी त्यांनी टाकीत शेणकाला कालवून ठेवला होता. त्यात दोन्ही कॅन ओतले. बरोबर आणलेली नवी नळी जोडली आणि तिचे टोक पाण्याच्या बाटलीत सोडले. गॅस निघाला तर पाण्यात बुडबुडा येणार. मग वाट पाहणे. हुलग्याचे माडगे (पिठाची पातळ पेज), भाकरी आणि खर्डा समोर आला. सासूबाई म्हणाल्या, "जेवा वो. बघून बुडबुडा लवकर येत न्हाई." मी जेवलो, पण तोंड बाटलीकडे करून.

एक वाजला. दोन वाजले. पाणी स्थिर. दोन चाळीसला एक बुडबुडा वर आला. दुसरा अकरा मिनिटांनी. तिसरा कधी येतो ते पाहायला मी चार वाजेपर्यंत बसलो. आला तो चारला पाच कमी असताना. यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळत होते.

निघताना इंदूबाई म्हणाल्या, "रोज सकाळी एक मिसकॉल दीन. उचलू नका. बिघडलं तर दोन दीन."

परतीच्या रस्त्यावर मायणीला मी गाडी थांबवली, मागे गेलो आणि झाकण सैल केले. रिकाम्या कॅनचे. विट्यालाही केले. तासगावला फक्त हात झाकणापर्यंत नेला.

एवढ्या प्रवासाचा हिशेब काय, असे एका भागीदाराने संध्याकाळी विचारले. चार वर्षे मी वाढीची गणिते केली, आणि थांबण्याचे गणित एका ओळीत संपवले. आता ते वाटीभर लेंड्यांवर, दुसऱ्याच्या नाकावर आहे. त्याला एवढेच सांगितले की पोचले.

बुधवारी सकाळी चहा ओतताना फोन वाजला. टेबलाजवळ पत्नी होती, तिने हात पुढे केला.

"उचलू नकोस!"

ती दचकली. तीन घंट्या वाजून फोन थांबला. मी तो हातात घेतला आणि पडद्याकडे पाहत उभा राहिलो. चहाला साय धरली. पाच मिनिटे झाली, दहा झाली.

दुसऱ्यांदा वाजला नाही. मी वहीत नवा रकाना आखला आणि वर लिहिले, 'जगायला किती'.