आल्दोनाची पिवळी खुर्ची

बर्फ पडला की आल्दोना पेट्रॉस्कस कंबर कसून फावडं काढायची. शिकागोच्या ब्रिजपोर्ट वस्तीत एक नियम आहे, तो कुठे लिहिलेला नाही, पण मोडायची कुणाची टाप नाही. दारासमोरचा बर्फ उपसून ज्यानं गाडीपुरती जागा केली, त्यानं तिथे खुर्ची मांडायची. मग बर्फ वितळेपर्यंत ती जागा त्याची. दुसऱ्याची खुर्ची हलवणाऱ्याच्या गाडीची काच सकाळी शाबूत नसे.

आल्दोनाची खुर्ची पिवळी, पत्र्याची. नवरा खाटीकखान्यात कामाला होता तेव्हापासूनची. नवरा गेला, गाडी विकली, तरी ही बाई जागा उपसतच राहिली. मुलगा व्हीटस उपनगरातून कधी येईल याचा नेम नाही, म्हणायची. तो येत नसे ही गोष्ट वेगळी.

मागच्या उन्हाळ्यात कोपऱ्यावरची बेकरी बंद पडली आणि तिथे ग्रेडी नावाच्या पोरानं शहरातल्या आगळ्या वस्त्या पायी फिरवून दाखवायचं दुकान थाटलं. पायरीवरची पिवळी खुर्ची पाहून तो खुळावलाच.

"आजी, हा या वस्तीचा आत्मा आहे. माझ्या दुकानाच्या काचेत ठेवू द्या ना."

"आत्मा कसला डोंबलाचा, बसायची आहे ती," आल्दोना म्हणाली, पण हरखली. तिच्या घरातल्या कशाचं कुणी इतकं कौतुक कधी केलं नव्हतं. तिनं खुर्ची दिली. बदल्यात त्यानं पांढरी, प्लास्टिकची, घडीची आणून दिली.

जानेवारीत व्हीटसचा फोन आला. तो बायकामुलांसह कायमचा ॲरिझोनाला चालला होता; रविवारी सगळे जेवायला येणार होते. डॉक्टरनं बजावलेलं धाब्यावर बसवून आल्दोनानं गुडघाभर बर्फ उपसला, पांढरी खुर्ची मांडली आणि मागच्या स्वयंपाकघरात बटाट्याचा कुगेलिस ओव्हनमध्ये भाजायला घातला.

जेवणाची वेळ टळली तेव्हा फोन वाजला.

"आई, चकरा मारमारून परत निघालो. तुझ्या दारात कुणाचीतरी पांढरी खुर्ची होती. दुसऱ्याच्या खुर्चीला हात लावायचा नाही, तूच शिकवलंस."

"माझीच होती ती."

"तुझी तर पिवळी आहे."

"मग चर्चमागे लावायची गाडी. दाराशी येऊन हाक मारायची."

"पोरं पेंगली होती गं. आणि सामानही बांधायचं पडलंय."

आल्दोनानं फोन ठेवला. याला निमित्तच हवं होतं, आणि ते आपणच आपल्या हातानं मांडून ठेवलं, हे तिला लख्ख कळलं. पोराचा आणि स्वतःचा तिला सारखाच संताप आला.

ती खुर्ची आणायला खाली उतरली. ग्रेडी पाहुण्यांना घेऊन तिथेच उभा होता. "बघा, इथली माणसं आजही आपल्या माणसासाठी जागा राखतात," तो सांगत होता. पाहुणे फोटो काढत होते.

आल्दोनानं त्यांच्यादेखत खुर्ची मिटली.

"जागा रिकामी आहे," ती म्हणाली. "ज्याला लावायची त्यानं लावा गाडी."