फिटरकाकांचं नख

फिटरकाका उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख कधी पूर्ण कापत नसत. बाकीची नऊ नखं दर रविवारी ओट्यावर बसून ब्लेडने काढायचे आणि हे एक तेवढं राखून ठेवायचे. कोणतीही वस्तू हाती आली की डोळे मिटून तिच्यावरून ते नख फिरवायचे. चहाची बशी असो, माझी पाटी असो, नाहीतर नव्या सदऱ्याचं बटण असो. त्यांच्या कारखान्याच्या मालकांनी एकदा मोटार घेतली आणि कौतुकाने सगळ्यांना बघायला बाहेर बोलावलं. काकांनी दारावरून नख फिरवलं आणि म्हणाले, "मालक, ह्ये दार मागनं परत रंगवलंय." मालकांचा चेहरा उतरला, पण तेव्हापासून कुठलाही माल काकांच्या नखाखालून गेल्याशिवाय बाहेर जाईना. "डोळा फसतो, नख फसत न्हाई," असं काका म्हणत.

भोसरीत आमच्या दोन खोल्या आणि काकांची एक खोली यांना ओटा एकच होता. सत्तर साल अजून उजाडायचं होतं. औद्योगिक वसाहतीत एकामागून एक शेड उभ्या राहत होत्या आणि आमच्यासारखी बाहेरून आलेली कुटुंबं खोल्या शोधत फिरत होती. आम्ही बार्शीकडचे, वडील पिंपरीच्या एका कंपनीत. काका मात्र मूळ भोसरीचेच. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. पहिली शिफ्ट करून दुपारी घरी आले की ओट्याच्या कोपऱ्यात, फळीवर बसवलेल्या, तुकडा घट्ट धरून ठेवणाऱ्या लहानशा व्हाइसपाशी बसत. मी शाळेतून येताना दिसले की हातातलं काहीतरी पिवळ्या फडक्यात गुंडाळून खिशात टाकत आणि विचारत, "काय हेल्पर, शिफ्ट सुरू?"

मी तेव्हा चौथीत होते आणि हेल्पर म्हटल्याचा मला कोण अभिमान वाटायचा. काकांनी मला कानस धरायला शिकवली. पुढे जाताना दाबायची, मागे येताना उचलायची. पत्रा किंवा पितळ कापलं की कडेला जी बारीक खरखरीत धार उरते, तिला ते 'बर' म्हणत. ती घासून काढणं हे माझं काम. मग काका डोळे मिटून नख फिरवायचे आणि मी श्वास धरून उभी राहायचे. बहुतेक वेळा मान हलायची, "अजून हाय." क्वचित एखाद्या दिवशी ते काही न बोलता तुकडा डब्यात टाकायचे. पास झाल्याची खूण तेवढीच. आईला हे अजिबात पसंत नव्हतं. "भाऊजी, पोरीचे हात बघा, उद्या हिला करून कोण घेईल?" असं ती चिडून म्हणायची. काका कानस तिच्यापुढे धरायचे. "वैनी, हिला इचारा. कानशीला कळत न्हाई, धरणारा हात पोरीचा हाय का पोराचा." आई हात टेकायची आणि मी पुन्हा घासायला लागायचे. ते वाक्य मी मनात जपून ठेवलं होतं. कोणी काही बोललं की मनातल्या मनात तेच म्हणायचे.

माझा धाकटा भाऊ सुरेश माझ्या उलट. त्याला लोखंड म्हटलं की कंटाळा यायचा. करवंटीत माती कालवून तो स्वयंपाक मांडायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवायला बसवायचा. वडिलांनी पाहिलं की एक धपाटा ठरलेला. काकांनी एकदा वडिलांचा हात धरला. "खेळू द्या की राव. मोठा आचारी झाला तर आपल्यालाच जेवाय घालील." नंतर स्वतः सुरेशपुढे मांडी घालून बसले आणि मातीचा भात ओरपल्यासारखं करून ढेकर दिली. आम्हा दोघांना काय हवं असतं हे भोसरीत एकट्या काकांना ठाऊक होतं.

त्यांच्या कारखान्यात खंडेनवमीला एक पद्धत होती. त्या दिवशी यंत्रं धुऊन त्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा वाहिल्या जात आणि कामगारांच्या घरच्यांना आत सोडत. कामगार भंगारातल्या तुकड्यांतून मुलांसाठी खेळणी करत, त्यावर चिठ्ठी बांधून नाव लिहीत, आणि मालक एकेक नाव वाचून ती मुलांच्या हातात देत. काकांना मूल नसल्यामुळे त्यांच्या वाट्याची मुलं आम्हीच. त्या वर्षी श्रावण लागल्यापासून काका आणि मी क्रेन करत होतो. दांडा फिरवला की दोरी गुंडाळली जायची आणि आकडा वर यायचा. खाली बेअरिंगची चार चाकं, वर पितळेच्या दोन कप्प्या. त्या कप्प्या मी घासल्या होत्या. डाव्या हाताच्या बोटांची सालटी गेली होती. शेवटची कप्पी नखाखालून पास झाली तेव्हा काका म्हणाले, "आता ही हेल्परची क्रेन झाली."

खंडेनवमीला मी नवा फ्रॉक घालून पहिल्या रांगेत उभी होते. मालकांनी क्रेन उचलली तशी मी एक पाऊल पुढेही टाकलं. मालकांनी चिठ्ठी वाचली, "सुरेश." मग पितळेच्या भातुकलीची टोपली उचलली आणि माझं नाव वाचलं. मला वाटलं गडबड झाली. मी मोठ्याने म्हणाले, "चिठ्ठ्या बदलल्यात. क्रेन माझी आहे, काकांना विचारा." सगळे हसले. मालकही हसले आणि त्यांनी काकांकडे पाहिलं. काका यंत्राच्या माळेशी चाळा करत उभे होते. वर न बघता म्हणाले, "न्हाई मालक. बरोबर हायत."

टोपली हातात धरून मी घरापर्यंत चालत आले. रडले नाही, कारण रडावं एवढंसुद्धा मला सुचत नव्हतं. संध्याकाळी ओट्यावर काकांसमोर उभी राहिले आणि विचारलं, का. काका कानस पुसता पुसता म्हणाले, "अगं, घरात काय बी चालतं. समद्या कंपनीदेखत पोरीच्या हातात क्रेन आन् पोराच्या हातात भातुकली दिली असती तर तुझ्या बापाला लोकांनी जगू दिलं असतं का?" मी म्हटलं, "कानशीला कळत नाही म्हणाला होता." काका म्हणाले, "कानशीला न्हाईच कळत, बाळा. मानसांना कळतं."

दुसऱ्या दिवशी "काय हेल्पर, शिफ्ट सुरू?" अशी हाक आली. मी ओ दिली नाही. ती हाक आणखी आठ-दहा दिवस आली आणि मग बंद झाली. क्रेन आमच्या खोलीतल्या फळीवर धूळ खात राहिली. सुरेशने तिचा दांडा एकदाही फिरवला नाही. तो लपून माझ्या भातुकलीशी खेळायचा. वडिलांनी पकडल्यावर आईने भातुकली ट्रंकेत टाकली आणि तोही विषय संपला. पुढच्या वर्षी आम्ही दिघीला राहायला गेलो. टेम्पोत सामान चढवायला काका सगळ्यांत पुढे होते. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मी डोकं काढून घेतलं. त्यांना मी पाहिलं ते शेवटचंच. चार-पाच वर्षांनी ते गेल्याचं कळलं.

या चौदा-पंधरा वर्षांत मी माझी एक समजूत करून घेतली होती. काका आयत्या वेळी घाबरले असणार. वडील काहीतरी बोलले असतील, आईने गळ घातली असेल, आणि मग शेवटच्या दोन दिवसांत त्यांनी घाईघाईने भातुकली उरकून चिठ्ठ्या फिरवल्या असतील. भित्र्या माणसावर राग धरवत नाही. शिवाय मी आज पोट भरते ते त्यांनी शिकवल्यावरच. चाकण रस्त्यावरच्या एका कारखान्यात मी तपासणीला आहे. दिवसाला शेकडो पितळी बुश माझ्या हाताखालून जातात आणि माझ्याही उजव्या अंगठ्याचं नख मी कापत नाही.

गेल्या महिन्यात माझं लग्न ठरलं. आईने ट्रंक उपसली आणि भातुकली माझ्यापुढे ठेवली. "तुझीच आहे, घेऊन जा." अकरा नग होते. मी सवयीने डोळे मिटले आणि नख फिरवायला लागले. परात, पातेली, झाकणं, झारा. झाऱ्याच्या प्रत्येक भोकाची कड गुळगुळीत होती. झाकण कुठल्याही बाजूने फिरवा, बसत होतं. शेवटी घागरीच्या गळ्यातून करंगळी आत घातली. बाहेरून दिसणारही नाही अशा जागी काकांनी घासून ठेवलं होतं. असं काम दोन दिवसांत होत नाही. रोज थोडा वेळ बसणाऱ्या माणसाला त्याला दोन-अडीच महिने तरी लागतात. मला ते पिवळं फडकं आठवलं. श्रावणात मी पहिली कप्पी हातात घेतली तेव्हाच क्रेन कुणाच्या नावाची हे ठरलेलं होतं, आणि तरी ते रोज मला हेल्पर म्हणत होते.

अकराही नग मी पुन्हा पहिल्यापासून तपासले. एकावर तरी बर सापडली असती तर मी त्यांना माफ केलं असतं.